पेन्सिलीच्या रेघेएवढं भांडण

“दीड बोट! दीड बोट खाली गेली आहे! बाटलीला पाय फुटले, का तुला तहान लागली?”

“दादा, तोंड सांभाळून बोल. मी हात लावलेला नाही.”

“मग दारू गेली कुठं? बुचावरची लाख तूच ओतलीस. ती फोडून परत जशीच्या तशी ओतायची म्हटलं तर तुझ्याशिवाय कुणाला जमतं? सांग की!”

हे भांडण फडकंमावशीनं शिडीवर उभं राहून ऐकलं. तेव्हा तिला कुणी मावशी म्हणत नव्हतं, नुसती नवीन बाई म्हणत. जुन्या दारूच्या दुकानात झाडझूड करायला लागून तिला आठवडाही झाला नव्हता. खाली दोघे भाऊ एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे, मध्ये टेबलावर ती बाटली, आणि वर ही हातात फडकं घेऊन. उतरावं तर त्यांच्यामध्ये उतरावं लागणार, म्हणून तिथंच थांबलेली.

तेवढ्यात धाकट्यानं मान वर केली आणि विचारलं, “बाई, तुम्ही सांगा. तुम्ही रोज इथं असता. मी त्या कपाटाला हात तरी लावला का?”

नवी नोकरी, घरात खाणारी चार तोंडं. ती म्हणाली, “मला काय माहीत.”

तीन शब्द. खोटं काहीच नव्हतं त्यात, तिला खरंच माहीत नव्हतं. पण थोरल्यांनी धाकट्याकडे असं पाहिलं, जसा काही साक्षीपुरावा झाला. धाकट्यानं आपला एप्रन काढून खुंटीला लावला आणि तो गेला. दोन गल्ल्या पलीकडे त्यानं तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान टाकलं. सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. भाऊ भावाशी त्यानंतर बोलला नाही.

आता एवढं काय होतं त्या बाटलीत, तर व्हिस्की. स्कॉच. पण नुसती स्कॉच म्हटलं तर थोरल्यांना राग यायचा. ती एका डिस्टिलरीची होती, जी केव्हाच बंद पडली. भट्ट्या मोडीत गेल्या, पिंपं लिलावात गेली, इमारतीत म्हणे आता लोक बिऱ्हाडं करून राहतात. म्हणजे ती व्हिस्की पुन्हा होणे नाही. जगात जेवढ्या बाटल्या उरल्या तेवढ्याच, आणि कुणी एक उघडली की एक कमी. म्हणून लोक ती पिण्यासाठी घेत नाहीत, ठेवण्यासाठी घेतात.

मावशीला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “आमच्या गल्लीतली साबणाची फॅक्टरी बंद पडली, तर तिच्या वड्या कुणी फुकट नेईना.”

“साबण आणि हे एक नाही, बाई.”

“नाही कसं? साबण निदान वापरतात.”

थोरले त्या दिवशी हसले होते. भांडणानंतर ते तसे फारसे हसले नाहीत.

दुकानाच्या पुढच्या भागात रोजची गिऱ्हाइकं, रोजच्या बाटल्या. मागे एक खोली, जाड भिंतींची, एकच खिडकी आणि तिलाही काळा रंग फासलेला, कारण उन्हानं दारूचा रंग जातो. तिथं जुन्या बाटल्या. मावशीचं खरं राज्य ते. दोन इयत्ता शिकलेली बाई, इंग्रजी लेबलातलं एक अक्षर तिला कळत नसे, पण कुठली बाटली कुठल्या फळीवर कितवी हे तिला तोंडपाठ होतं. तिथले नियमही तिनं शिकून घेतले. वाइन आडवी निजते, व्हिस्की उभी राहते, कारण ही कडक दारू बूच खाऊन टाकते. बाटली धरायची ती बुडाखाली हात घालून, मानेला धरून उचलायची नाही. आणि लेबलाला ओलं फडकं लावायचं नाही. हा शेवटचा नियम तिला जरा महागात पडून कळला. पहिल्याच महिन्यात तिनं एक पिवळं पडलेलं लेबल घासून घासून लख्ख केलं आणि कौतुकाच्या आशेनं दाखवायला नेलं. थोरल्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

“बाई, ही घाण नव्हती. वय होतं.”

तेव्हापासून ती फक्त कोरडं, मऊ फडकं वापरायची. ते सदा तिच्या खांद्यावर. घरी जाताना खांद्यावर, बाजारात खांद्यावर, लेकीच्या लग्नाच्या फोटोतही खांद्यावर. फोटोवाल्यानं सांगितलं तेव्हा काढून हातात घेतलं, तर फोटोत हातात आलं. म्हणून फडकंमावशी.

भांडणाची ती बाटली थोरल्यांनी त्याच दिवशी कपाटात ठेवली, रेघेची बाजू भिंतीकडे करून. रेघ म्हणजे काय, तर बाटली दुकानात आली त्या दिवशी धाकट्यानं जुन्या बुचावर नवी लाख ओतली होती, आणि थोरल्यांनी मानेवर कागदाची बारीक पट्टी चिकटवून दारू जिथवर होती तिथं पेन्सिलीनं खूण केली होती. केसासारखी बारीक, टोक काढकाढून मारलेली. सहा महिन्यांनी पाहिलं तर दारू खूण सोडून खाली. त्यावरून तो तमाशा.

“ती पुसत जा, पण फिरवायची नाही,” थोरल्यांनी सांगून ठेवलं, आणि स्वतः त्या कपाटापुढून जाताना मान वळवून जाऊ लागले, दुखऱ्या दाताकडची बाजू सोडून जेवतात तसे. मावशी फिरवत नसे. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायचं, ही तिची खोड.

पण दोघा भावांमध्ये एक वाट उरली होती, आणि त्या वाटेवरून चालायची तीही मावशीच. झालं असं की जुन्या बाटल्यांच्या बुचांवर ओतायला लाख लागते, आणि बाजारातली लाख कधी चिरायची, कधी चिकट राहायची. धाकट्याच्या हातची राळ आणि मेण घालून केलेली लाख मात्र काचेला धरून बसायची. तर दर महिन्याला थोरले मावशीच्या हाती पत्र्याचा एक डबा देत.

“बाजारातून लाख आणा.”

मावशी दोन गल्ल्या ओलांडून चौकटीच्या दुकानात जायची, डबा ठेवायची. धाकटा न बोलता भरून द्यायचा. कधी एवढंच विचारायचा, “बाजार कसा आहे?”

“आहे. गुडघे धरलेत बाजाराचे. चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“बाजाराला म्हणावं रात्री वाचत बसू नको.”

परत आल्यावर थोरले विचारायचे, “बाजारातूनच आणली ना?” ती म्हणायची, “बाजारातूनच.” मग तेही कधीतरी हळूच, “बाजारात सगळं ठीक?” असं सव्वीस वर्षं चाललं. दोघांनाही माहीत, तिलाही माहीत, पण तिघांच्याही तोंडाला कुलूप. चौकटीच्या दुकानातल्या स्टुलावर बसून डबा भरायची वाट बघताना मावशीला दर वेळी ते तीन शब्द आठवायचे. धाकट्यानं ते कधी काढून दाखवले नाहीत. तेच तिला जास्त लागायचं.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात कपाटाच्या खालच्या फळीला वाळवी लागली. सुतार आला. बाटल्या बाहेर काढाव्या लागल्या आणि भांडणाची बाटली मावशीनं स्वतःच्या हातात धरून ठेवली, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची तिची छाती होईना. सुतार फळी ठोकतोय, ही बाटली घेऊन उभी. आणि उभ्या उभ्या तिची नजर पट्टीवर गेली.

दारू रेघेला लागलेली होती. अगदी लागलेली नाही म्हणा, केसभर खाली. पण दीड बोट? छे.

पहिला विचार कुठला आला असेल, तर हाच की आता आळ आपल्यावर. कुणीतरी भरली. या खोलीत इतकी वर्षं कोण येतं? आपण. लाखेला हात लावून पाहिला. जुनी, कडक, धाकट्याच्या बोटाचा ठसा अजून तिच्यावर होता तसा. कुणी भरली म्हणावं तर कुठून भरली?

त्या दिवशी तिनं बाटली होती तशी, रेघ भिंतीकडे करून ठेवली आणि मूग गिळून बसली. पण डोक्यातून जाईना. जेवताना तेच, भांडी घासताना तेच. शेवटी पुढच्या एक तारखेला तिनं एक युक्ती केली. नातीला बूट आणायचे असले की ती कागदाची पट्टी तिच्या पावलाला लावून कापून न्यायची. तशीच वर्तमानपत्राची कड फाडून तिनं बाटलीच्या बुडापासून दारूपर्यंत धरली आणि तिथं कात्रीनं कापली. पट्टीवर महिन्याचा आकडा घातला. खोलीत भिंतीवर थर्मामीटर टांगलेला होता, थोरले रोज सकाळी त्याचा आकडा वहीत लिहीत. पुसायच्या क्रमात आधी थर्मामीटर यायचा, मग ती बाटली. म्हणून सहज तो आकडाही तिनं पट्टीवर घातला. का घातला ते तिला तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. अंक येत होते, म्हणून घातले.

महिन्यामागून महिना गेला. पट्ट्या घरी पिठाच्या डब्यामागे साठत गेल्या. थंडी आली तशी पट्टी आखूड झाली. उन्हं तापली तशी पुन्हा लांब. दुसऱ्या बाटल्यांची मापं घेऊन पाहिली, त्याही तशाच. बाटल्यांना जणू ताप येत होता आणि उतरत होता. एका सकाळी थर्मामीटर पुसताना तिचा हात मध्येच थांबला. काचेच्या नळीत लाल रेघ. गरम झालं की वर, गार झालं की खाली.

ती कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. मग फडकं खांद्यावर टाकून पुढच्या कामाला लागली, पण त्या दिवशी तिनं दोन बाटल्या दोनदा पुसल्या.

तरी ती बोलली नाही. सव्वीस वर्षांनी कसं बोलायचं? आणि दोन इयत्ता शिकलेल्या बाईनं, आयुष्य बाटल्यांत घातलेल्या माणसाला शिकवायचं म्हणजे जरा अतीच झालं. शिवाय तिचे गुडघे आता शिडी चढू देईनात. या महिन्याच्या शेवटी काम सोडायचं तिनं सांगून टाकलं होतं. जाता जाता कशाला, असं ती स्वतःलाच समजावत होती.

पण त्याच महिन्यात, ऐन थंडीत एक पत्र आलं. परगावच्या एका संग्राहकाला ती बाटली हवी होती. बाटलीबरोबर तिची हकीकत हवी होती, थोरल्यांच्या सहीनं. थोरल्यांची जुनी सवय, काही लिहिलं की मावशीला वाचून दाखवायचं. त्यांचं म्हणणं, हिच्या कानाला बरं लागलं तर कुणाच्याही कानाला लागेल.

“ऐका, मावशी. ‘ही बाटली अमुक डिस्टिलरीची, डिस्टिलरी बंद पडण्याआधी भरलेली. आमच्या दुकानात आली तेव्हा पूर्ण भरलेली होती. त्यानंतर एकदा माझ्या धाकट्या भावानं ती उघडून पुन्हा बंद केली आहे.’ कसं वाटतं?”

मावशीच्या हातातलं फडकं गळून पडलं.

“हे बाटलीबरोबर जाणार?”

“जाणार. बाटली जिथं जाईल तिथं. ही फिरती वस्तू आहे, आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. मी खोटं लिहून देणार नाही.”

“मग शेवटचं वाक्य खोडा.”

“का?”

“खोटं आहे.”

थोरल्यांनी चष्मा काढला. सव्वीस वर्षांत ही बाई त्यांना असं बोलली नव्हती. मावशी आत गेली, पिशवी घेऊन आली. डब्यामागच्या पट्ट्या ती आठवडाभर पिशवीतच घेऊन हिंडत होती. टेबलावर तिनं त्या ओळीनं मांडल्या, महिन्यामागे महिना. लांब, मग आखूड, आखूड, मग पुन्हा लांब, लांब, मग पुन्हा आखूड.

“हे काय?”

“तुमच्या बाटलीची मापं. दर एक तारखेला घेतलेली. उन्हाळ्यात रेघेला लागते, थंडीत खाली जाते. आता जाऊन बघा, दीड बोट खालीच असेल.”

थोरले बघत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलला. “म्हणजे उन्हाळ्यात कुणीतरी पाणी घालतंय!”

“कोण घालणार? मी?” मावशीचा आता खरंच तिळपापड झाला. “दर उन्हाळ्यात घालते आणि दर थंडीत पिते? या, तोंडाचा वास घ्या माझ्या! आणि दुकानातल्या सगळ्याच बाटल्या पिते वाटतं, सगळ्याच तशा वागतात!”

मावशीनं पुढच्या फळीवरची एक साधी बाटली आणली, कालच आलेली, सील न फुटलेली. दारू होती तिथं कागद चिकटवून म्हणाली, “मारा रेघ. तुमची ती बारीकवाली.” त्यांनी मारली. तिनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि बाटली त्यात उभी केली. “आता बसा.”

दोघं बसले. चहा झाला. एक गिऱ्हाईक येऊन गेलं. अर्ध्या तासानं मावशीनं बाटली काढून पुसली, लेबल सोडून, आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली.

दारू रेघेच्या बोटभर वर होती.

थोरल्यांनी बाटली हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. बुचाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं.

“मालक, एक विचारू? त्या भिंतीवरच्या नळीत लाल लाल काय असतं?”

थोरल्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, “स्पिरिट. रंगवलेलं.”

“म्हणजे दारूच की.”

“दारूच.”

“आणि ती किती चढली, किती उतरली, ते तुम्ही रोज सकाळी वहीत लिहिता.”

सव्वीस वर्षांच्या वह्या मागच्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या. साध्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. साधा माणूस बाटलीकडे बघतो आणि म्हणतो, भरलेली आहे. केसाएवढी रेघ मारणाऱ्यालाच एवढी चूक करता येते. उन्हाळ्यात रेघ मारली, थंडीत मोजली, आणि मधल्या ऋतूंचा हिशेब भावाच्या नावावर मांडला.

“तो लाखेत तरबेज होता,” थोरले म्हणाले, कुणाला सांगत होते कोण जाणे. “म्हणून वाटलं मला.”

“त्याच लाखेशिवाय तुमचं आजवर चाललं नाही, तेही बघा.”

थोरल्यांनी कागद फाडला. दुसरा घेतला. बरंच खोडलं, बरंच लिहिलं, आणि शेवटी वाचून दाखवलं, “‘ही बाटली दुकानात आल्यापासून कधीही उघडलेली नाही. थंडीत दारू रेघेखाली दिसते, उन्हाळ्यात वर येते. त्याला कुणाचा दोष नाही. लाख ओतणाऱ्याची सही.’ आणि खाली जागा सोडली आहे. तशी सही लागते अशा कागदावर.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं काय?”

“बाकीचं कागदावर मावत नसेल, नाही का.”

थोरल्यांनी कागदाची घडी घातली. फळीवरून पत्र्याचा डबा काढला, घडी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा मावशीच्या पुढे केला. दर महिन्यासारखाच.

“बाजारातून लाख आणा,” ते म्हणाले.

मावशी निघाली. महिन्याचा शेवटचा दिवस, तिच्याही कामाचा शेवटचा. दोन गल्ल्या, तीच वाट, तोच कोपऱ्यावरचा फुटका कठडा. चौकटीच्या दुकानात नेहमीसारखा लाकडाच्या भुशाचा वास. तिनं डबा ठेवला, स्टुलावर बसली.

“बाजार कसा आहे?” धाकट्यानं विचारलं.

“आज बाजारानं डब्यात काहीतरी घातलंय. बघा.”

धाकट्यानं झाकण काढलं. कागद वाचला. मग चष्मा वर करून दुसऱ्यांदा वाचला. त्याच्या हातातली चौकटीची पट्टी तशीच राहिली.

मावशी म्हणाली, “तुम्ही मला विचारलं होतं. मी शिडीवर होते. तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तुम्ही हात लावला नव्हता.”

धाकट्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. वळून डबा घेतला आणि कढईतली लाख त्यात ओतू लागला, सावकाश, धार मोडू न देता. ओतून झाल्यावर पाठमोराच म्हणाला, “थंडीत खाली आणि उन्हाळ्यात वर?”

“वर.”

“किती वर?”

“रेघेला.”

“हे एकदा डोळ्यांनी बघायला पाहिजे हो, मावशी.” आवाज भांडणाच्या आधीचा होता, कारागिराचा, काही नवीन दिसलं की उतावीळ होणारा.

“उन्हाळ्याला अजून चार महिने आहेत. पण खाली गेलेली आत्ताच बघून घ्या की, म्हणजे पुढं ताडून बघता येईल. सही पण तिथंच करा. इथं तुमच्या पेनात कधी शाई नसते.”

डबा हाताला सोसेल इतका गार होईपर्यंत ती थांबली, नेहमी थांबायची तशी. मग उचलून कडेला घेतला, फडकं खांद्यावर सारखं केलं आणि निघाली. कोपऱ्यापर्यंत पोचली असेल, तेव्हा मागे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. भरदुपारी. तिनं मागे वळून पाहिलं नाही. डबा भरलेला होता, आणि सांडू न देता नेणं हे तिचं काम होतं.

दुकानात येऊन तिनं डबा त्याच्या फळीवर ठेवला आणि फडक्यानं झाकण पुसलं.

“बाजारातूनच आणली ना?” थोरल्यांनी विचारलं.

“बाजारातूनच,” मावशी म्हणाली, आणि रेघेची बाजू पुढे यावी म्हणून कपाटातली बाटली बुडाखाली हात घालून फिरवून ठेवली.